लष्करातून बाद झालेल्या जड ट्रकचे सुरक्षित टोचन

वाराणसी : वाराणसीहून मिर्झापूर, रीवा, जबलपूर आणि नागपूरमार्गे कन्याकुमारीपर्यंत जाणारा मार्ग अनेक वर्षे राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ७ म्हणून ओळखला जात असे. २०१० मध्ये महामार्गांचे क्रमांक बदलण्यात आले, पण मार्ग तोच राहिला. लष्कराच्या ट्रकचे जन्मस्थान असलेले जबलपूर याच मार्गावर आहे. सेवेतून बाद झालेले असे ट्रक लिलावात विकले जातात. त्यातील अनेक बंद पडलेल्या स्थितीत असतात आणि नव्या मालकाला ते दुसऱ्या वाहनाला जोडून ओढत न्यावे लागतात. या कामाला वाहतूकदारांच्या बोलीत 'टोचन' म्हणतात. चारही चाके रस्त्यावर ठेवून, लोखंडी दांड्याच्या साहाय्याने केले जाणारे टोचन वरकरणी सोपे वाटते. मात्र काही टन वजनाच्या निर्जीव वाहनाच्या बाबतीत एक चूकही प्राणघातक ठरू शकते.

ट्रकची ओळख

जर्मनीतील मान कंपनीच्या परवान्याने तयार झालेला 'शक्तिमान' हा ट्रक १९५९ मध्ये जबलपूरच्या तोफगाडी कारखान्यातून प्रथम बाहेर पडला. पुढे १९६९ मध्ये तेथेच स्वतंत्र वाहन कारखाना सुरू झाला. शक्तिमानचे उत्पादन १९९६ पर्यंत चालले. त्यानंतर अशोक लेलँडच्या आराखड्यावरील 'स्टॅलियन' ट्रकने त्याची जागा घेतली. २०२१ मध्ये आयुध निर्माणी मंडळाची पुनर्रचना झाली आणि जबलपूरचा वाहन कारखाना आर्मर्ड व्हेइकल्स निगम लिमिटेड या सरकारी कंपनीकडे गेला.

हे ट्रक चारही चाकांना शक्ती पुरवणारे आहेत. गिअरबॉक्सला जोडून ट्रान्सफर केस असते आणि तेथून पुढच्या व मागच्या आसाकडे स्वतंत्र प्रोपेलर शाफ्ट जातात. सर्वसाधारण मालमोटारीपेक्षा यांचे टोचन अधिक काळजीने करावे लागते, त्याचे हे एक प्रमुख कारण आहे.

कायदा काय सांगतो

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ६० अन्वये संरक्षणविषयक कामासाठी वापरल्या जाणाऱ्या केंद्र सरकारच्या वाहनांची नोंदणी स्वतंत्रपणे केली जाते. वाहन त्या कामातून मुक्त झाले की त्याला सर्वसामान्य नोंदणीच्या तरतुदी लागू होतात. म्हणजेच लिलावात घेतलेला ट्रक चालू स्थितीत असला, तरी परिवहन कार्यालयात नोंदणी झाल्याशिवाय तो रस्त्यावर चालवता येत नाही.

टोचनाविषयीच्या तरतुदी १९८९ च्या रस्ते वाहतूक नियमावलीत स्पष्ट करण्यात आल्या होत्या. ओढल्या जाणाऱ्या वाहनाच्या चालकाच्या आसनावर परवानाधारक व्यक्ती असली पाहिजे, किंवा त्या वाहनाची पुढची चाके क्रेनसारख्या साधनाने रस्त्यापासून उचललेली असली पाहिजेत, असे त्यात म्हटले होते. दोन वाहनांतील अंतर पाच मीटरपेक्षा जास्त नसावे, दोर किंवा साखळी इतरांना सहज दिसावी, मागच्या वाहनावर पांढऱ्या पार्श्वभूमीवर काळ्या अक्षरांत 'ऑन टो' असे लिहिलेले असावे आणि वेग ताशी २४ किलोमीटरपेक्षा अधिक नसावा, अशा अटीही होत्या. २०१७ मध्ये या नियमावलीची जागा नव्या मोटार वाहन चालन नियमावलीने घेतली.

नादुरुस्त वाहन जवळच्या दुरुस्ती केंद्रापर्यंत नेणे, हा टोचनाचा मूळ हेतू आहे. शेकडो किलोमीटरच्या प्रवासासाठी ट्रक लो-बेड ट्रेलरवर चढवून नेणे हाच योग्य मार्ग ठरतो.

दांडा का, दोर का नको

दोर किंवा साखळी केवळ ओढू शकते, रोखू शकत नाही. पुढच्या वाहनाने ब्रेक लावताच मागचा ट्रक त्यावर येऊन आदळण्याचा धोका असतो. ढिली पडलेली साखळी पुन्हा ताणली जाताना बसणाऱ्या हिसक्याने तुटू शकते आणि तिचा तुटलेला तुकडा जवळच्या माणसाचा बळी घेऊ शकतो. ताठ दांडा ओढतो आणि रोखूनही धरतो.

इंग्रजी 'ए' अक्षराच्या आकाराच्या दांड्याची दोन टोके मागच्या ट्रकच्या चासीला असलेल्या टोचन-कड्यांमध्ये अडकवावीत. बंपरला किंवा बंपरच्या पट्ट्यांना दांडा कधीही जोडू नये. दांड्याचे तिसरे टोक पुढच्या वाहनाच्या हुकात बसवून खिळ निसटणार नाही अशा तऱ्हेने अडकवावी. जोडणी झाल्यावर दांडा शक्य तितका जमिनीला समांतर असावा. दांड्याखालून फुलीच्या आकारात दोन सुरक्षा साखळ्या बांधाव्यात. दांडा सुटला तर तो रस्त्यात रुतण्याऐवजी या साखळ्यांवर पेलला जातो.

निघण्यापूर्वीची तयारी

बहुतेक गिअरबॉक्समध्ये तेल उडवण्याचे काम इंजिनाच्या गतीवर अवलंबून असते. इंजिन बंद ठेवून ट्रक ओढला, तर मागची चाके गिअरबॉक्सचा बाहेरचा शाफ्ट फिरवत राहतात, पण बेअरिंगपर्यंत तेल पोहोचत नाही. केवळ गिअर न्यूट्रल करून हा प्रश्न सुटत नाही. म्हणून पुढचा आणि मागचा असे दोन्ही प्रोपेलर शाफ्ट आसाच्या बाजूने सोडवून काढून ठेवावेत किंवा घट्ट बांधावेत. क्रॉसच्या वाट्या पडू नयेत यासाठी त्यांना पट्टी गुंडाळावी.

हवेच्या दाबावर चालणाऱ्या ब्रेकच्या अनेक ट्रकमध्ये दाब संपला की स्प्रिंगच्या जोराने मागचे ब्रेक आपोआप लागतात. शक्य असल्यास पुढच्या वाहनातून नळीद्वारे हवा पुरवावी, म्हणजे ब्रेक सुटतात आणि गरजेच्या वेळी मागच्या चालकाला ते वापरताही येतात. स्प्रिंग बोल्टने आवळून ब्रेक मोकळे केले, तर मात्र ट्रकला उभे राहण्याचा कोणताही आधार उरत नाही. शाफ्ट काढल्यामुळे गिअरमध्ये ठेवूनही तो थांबत नाही. त्यामुळे शाफ्ट किंवा ब्रेकला हात लावण्यापूर्वी चाकांच्या दोन्ही बाजूंना भक्कम ठोकळे लावणे अनिवार्य आहे. ट्रकखाली शिरलेल्या क्लीनरचे प्राण याच ठोकळ्यांवर अवलंबून असतात.

याखेरीज टायरमधील हवा, चाकांचे नट, स्टिअरिंगचे सांधे आणि मागचे दिवे तपासावेत. इंजिन बंद असल्यास पॉवर स्टिअरिंग अतिशय जड होते, हे चालकाला आधी सांगून ठेवावे.

वेग आणि उतार

ओढणारे वाहन ओढल्या जाणाऱ्या ट्रकपेक्षा हलके असू नये. दोन्ही वाहनांचे वजन समान असेल आणि ब्रेक केवळ पुढच्याचेच लागत असतील, तर थांबण्यासाठी सुमारे दुप्पट अंतर लागते. वेग दुप्पट झाला तर ब्रेकना चौपट ऊर्जा शोषावी लागते. वीसास एक अशा उतारावर सहा टनांचा ट्रक पुढच्या वाहनाला सुमारे ३०० किलो वजनाइतक्या जोराने ढकलतो. दहास एक उतारावर हा जोर दुप्पट होतो.

रीव्याहून मिर्झापूरकडे येताना विंध्याच्या रांगेतील ड्रमंडगंज घाट उतरावा लागतो. ब्रेक निकामी होऊन होणाऱ्या ट्रक अपघातांसाठी हा घाट कुप्रसिद्ध आहे. अशा ठिकाणी उतार सुरू होण्यापूर्वीच खालचा गिअर टाकावा आणि वेग इंजिनाच्या साहाय्याने आवरावा. ब्रेक सतत दाबून धरल्यास ते तापून निकामी होतात. ज्या ट्रकचे स्वतःचे ब्रेक चालत नाहीत, तो या घाटातून दांड्यावर आणूच नये.

वळण घेताना जोडीला नेहमीपेक्षा अधिक जागा लागते. दांडा जोडलेला असताना मागे घेण्याचा प्रयत्न केल्यास मागच्या ट्रकची पुढची चाके आडवी होतात आणि दांडा वाकतो. वाराणसीसारख्या गजबजलेल्या शहरात म्हणूनच मार्ग आधी पाहून ठेवणे आवश्यक असते. राजघाट येथील मालवीय पूल १८८७ मध्ये खुला झालेला दुमजली पूल आहे. खाली रेल्वे आणि वर रस्ता, अशी त्याची रचना आहे. मध्येच अडकल्यास तेथे वळायला वाव नाही. जड वाहनांसाठी बाह्यमार्गावरील विश्वसुंदरी पूल अधिक सोयीचा आहे.

पहिल्या दोन-तीन किलोमीटरनंतर थांबून खिळा, साखळ्या आणि चाकांचे तुंबे तपासावेत. एखादा तुंबा हाताला चटका बसेल इतका तापलेला असल्यास तेथील ब्रेक चिकटला आहे किंवा बेअरिंग बिघडले आहे, असे समजावे आणि पुढे जाऊ नये. मुक्कामी पोहोचल्यावर आधी ठोकळे लावावेत आणि त्यानंतरच दांडा सोडावा.