यंत्राचे ‘मोड’ आणि माणसाची चूक

अकरावीच्या वर्गात हा प्रसंग वर्षातून एकदा तरी घडतो. ३० अंशांच्या कोनाचे साइन काढायचे असते. उत्तर ०.५ आहे हे बहुतेकांना पाठ असते. तरी एखाद्या विद्यार्थ्याच्या कॅलक्युलेटरवर उणे ०.९८८ येते. तो पुन्हा कळा दाबतो, पुन्हा तेच. शेजारचा हसतो, विद्यार्थी ओशाळतो. मग आपण कॅलक्युलेटर हातात घेतो आणि म्हणतो, “अरे, हा रेडियनवर आहे.”

येथे चुकले कोण? विद्यार्थ्याने कळा बरोबर दाबल्या होत्या. यंत्रानेही हिशेब बरोबर केला. ३० रेडियनचे साइन खरोखरच उणे ०.९८८ येते. घोटाळा झाला तो यंत्राच्या स्थितीमुळे. ती स्थिती पडद्याच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत लिहिलेली होती आणि विद्यार्थ्याचे लक्ष तर उत्तराकडे होते. संगणकाच्या भाषेत अशा स्थितीला ‘मोड’ म्हणतात. मोड बदलला की आपली कृती तीच राहते, पण यंत्र तिचा अर्थ वेगळा लावते.

मोबाइलवर एखादे ॲप वापरताना खालून वर सरकत येणारा आणि ‘आधी माझे काम पुरे करा’ म्हणून अडून बसणारा पडदा आपण सर्वांनी पाहिला आहे. त्याला ‘मोडल’ पडदा म्हणतात, ते या मोडवरूनच. असा पडदा केव्हा आणावा, तो कोणी आणि कसा दूर करावा, हा ॲप तयार करणाऱ्यांपुढचा रोजचा प्रश्न आहे. वरवर पाहता हा तांत्रिक तपशील वाटतो. पण त्याच्या मागे पन्नास वर्षांचा इतिहास आहे, आणि त्या इतिहासात आपला मघाचा प्रश्न पुन्हा पुन्हा विचारला गेला आहे : चूक माणसाची की मांडणीची?

‘एडिट’ लिहिले आणि सगळे गेले

१९७३ साली अमेरिकेत, कॅलिफोर्नियातील पालो आल्टो येथे झेरॉक्स कंपनीच्या संशोधन केंद्रात ‘आल्टो’ हा संगणक तयार झाला. त्याला कागदाच्या पानासारखा उभा पडदा आणि माऊस होता. या संगणकासाठी बटलर लॅम्पसन, चार्ल्स सिमोनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७४ मध्ये ‘ब्राव्हो’ हा लेखनाचा प्रोग्राम लिहिला. कागदावर मजकूर जसा छापला जाईल तसाच तो पडद्यावर दिसे. त्या काळी ही मोठीच गोष्ट होती.

पण ब्राव्होला दोन मोड होते. एका मोडमध्ये टाइप केलेली अक्षरे मजकुरात उमटत. दुसऱ्या मोडमध्ये तीच अक्षरे आज्ञा ठरत. ‘ई’ म्हणजे सगळा मजकूर निवडा, ‘डी’ म्हणजे निवडलेले पुसा, ‘आय’ म्हणजे आता लिहायला घ्या. आता समजा, प्रोग्राम आज्ञेच्या मोडमध्ये आहे याचा विसर पडून कोणी ‘एडिट’ हा चार अक्षरांचा इंग्रजी शब्द टाइप केला. ‘ई’ने सगळा मजकूर निवडला, ‘डी’ने तो पुसला, ‘आय’ने लेखन सुरू केले आणि कोऱ्या पानावर ‘टी’ हे एकच अक्षर उमटले. ब्राव्होची ही गोष्ट संगणकाच्या जगात फार प्रसिद्ध आहे.

याच केंद्रात १९७३ मध्ये लॅरी टेसलर रुजू झाले होते. जिन अँड कंपनी ही पाठ्यपुस्तके प्रसिद्ध करणारी संस्था तेव्हा झेरॉक्सच्या मालकीची होती. तिच्या संपादकांना संगणकावर काम करता यावे म्हणून टिम मॉट आणि टेसलर यांनी ‘जिप्सी’ हा प्रोग्राम केला. त्यांनी आधी माणसांचे निरीक्षण केले. संपादक कात्रीने कागद कापतात आणि दुसरीकडे डिंकाने चिकटवतात, हे मॉट यांनी पाहिले. संगणकाची सवय नसलेल्या एका नव्या कर्मचारी बाईंना टेसलर यांनी कोऱ्या पडद्यासमोर बसवले आणि विचारले, “येथे मजकूर आहे असे समजा. त्यात दुरुस्ती कशी कराल?” १९७५ मध्ये तयार झालेल्या जिप्सीत लेखनाचा आणि आज्ञेचा असे वेगळे मोड नव्हते. अक्षर टाइप केले की अक्षरच उमटे. आधी मजकूर निवडायचा आणि मग त्याचे काय करायचे ते सांगायचे. आज आपण मोबाइलवर ‘कट’ आणि ‘पेस्ट’ करतो त्याचे मूळ येथे, पाठ्यपुस्तकांच्या संपादकांच्या टेबलावर आहे.

टेसलर यांनी मोडविरोध हे पुढे जन्मभराचे कार्यच मानले. त्यांच्या मोटारीच्या पाटीवर क्रमांकाऐवजी ‘नो मोड्स’ अशी अक्षरे होती. १९८१ च्या ऑगस्टमध्ये त्यांनी ‘बाइट’ या मासिकात लेख लिहून मोडची आणखी एक अडचण स्पष्ट केली. मोडमुळे अर्थाचा घोटाळा होतोच, शिवाय माणूस अडकून पडतो; हातातले संपवल्याशिवाय त्याला दुसरीकडे वळता येत नाही. पडद्यावर एकमेकींवर ठेवलेल्या खिडक्या हा त्यावरचा एक उपाय होता. एक काम तसेच ठेवून दुसऱ्या खिडकीत जावे, मन होईल तेव्हा परत यावे.

त्याच वर्षी मानसशास्त्रज्ञ डोनाल्ड नॉर्मन यांनी माणसाच्या हातून अनवधानाने होणाऱ्या चुकांचे वर्गीकरण प्रसिद्ध केले. त्यात ‘मोडची चूक’ हा स्वतंत्र प्रकार होता. वेंधळेपणा म्हणून जी गोष्ट आपण सोडून देत होतो तिला आता शास्त्रात नाव मिळाले, आणि नाव मिळाले की कारण शोधता येते.

चौकट आली आणि अडून बसली

टेसलर १९८० मध्ये ॲपल कंपनीत गेले आणि तेथे ‘लिसा’ या संगणकावर काम करू लागले. लिसा १९८३ मध्ये आणि मॅकिंटॉश १९८४ मध्ये बाजारात आले. दोन्हींवर खिडक्या होत्या. तरीही मोड पूर्णपणे गेले नाहीत. फाइल जपून ठेवायची तर नाव विचारलेच पाहिजे. न जपता बंद करायची तर खात्री करून घेतलीच पाहिजे. अशा वेळी मॅकिंटॉशवर दुहेरी रेघेची चौकट पुढे येई. तिला उत्तर देईपर्यंत बाकी सारे थांबे. बाहेर कोठे क्लिक केले तर फक्त ‘बीप’ असा आवाज येई. ही मोडल चौकट.

या चौकटीतल्या ‘ओके’ बटणाचीही एक गंमत आहे. लिसावर त्या जागी आधी ‘डू इट’, म्हणजे ‘करा’, असे शब्द होते. चाचणीच्या वेळी एक माणूस त्या बटणापाशी येऊन सारखा घुटमळत आणि चिडत होता. विचारल्यावर कळले की दोन शब्दांमधली जागा अपुरी पडल्याने आणि अक्षरांच्या वळणामुळे तो ते ‘डोल्ट’ असे वाचत होता. डोल्ट म्हणजे मठ्ठ! यंत्र आपल्याला मठ्ठ का म्हणते आहे हे त्याला कळेना. मग ते शब्द बदलून ‘ओके’ आले. त्याला हसून घरी पाठवले असते तर दोष बटणात होता हे कळलेच नसते.

डोंगरावरची धडक

मोडच्या चुकीत नेहमी मजकूरच जातो असे नाही. २० जानेवारी १९९२ च्या संध्याकाळी एअर इंटर कंपनीचे एक एअरबस ए-३२० विमान फ्रान्समधील लियाँहून स्ट्रासबुर्गला उतरत होते. या विमानाला किती वेगाने खाली आणायचे ते एकाच बटणाने ठरवता येई. पण मोड दोन होते. एका मोडमध्ये उतरण्याचा कोन अंशांत दिला जाई, दुसऱ्यात दर मिनिटाला किती फूट खाली यायचे ते. कोनाच्या मोडमध्ये उणे ३.३ दिसे, वेगाच्या मोडमध्ये दर मिनिटाला ३,३०० फुटांसाठी नुसते उणे ३३. दोन्हींत फरक एका टिंबाचा.

३.३ अंशांच्या कोनाने विमान मिनिटाला सुमारे ८०० फूट खाली आले असते. प्रत्यक्षात ते त्याच्या चौपट वेगाने खाली येऊन सेंट ओडील डोंगरावर आदळले. विमानातील ९६ जणांपैकी ८७ मृत्यू पावले. तपासात निर्णायक पुरावा मिळाला नाही, परंतु वैमानिकांची मोडबाबत गल्लत झाली असावी ही शक्यता ठळकपणे पुढे आली. जमीन जवळ आल्याचा इशारा देणारे यंत्रही त्या विमानात नव्हते. पुढे एअरबसने आकडा दाखवण्याची पद्धत बदलली. वेगाच्या मोडमध्ये सगळे चार अंक दिसू लागले. ‘वैमानिकाने चूक केली’ एवढ्यावर थांबले असते तर ही दुरुस्ती झाली नसती.

तळहाताएवढा पडदा

२००७ मध्ये आयफोन आला. त्याचा पडदा साडेतीन इंचांचा. येथे दोन खिडक्या शेजारी मांडायला जागाच नव्हती. त्यामुळे मोडल पद्धत पुन्हा गरजेची ठरली. पत्र लिहायचे असले की कोरे पत्र खालून वर येई आणि सारा पडदा व्यापे; वर दोन बटणे, ‘कॅन्सल’ आणि ‘सेंड’. यातून बाहेर पडण्याचे तेवढेच दोन मार्ग.

२००८ मध्ये बाहेरच्या लोकांनाही आयफोनसाठी ॲप लिहिता येऊ लागली. पडदा आणणे म्हणजे ‘प्रेझेंट’ करणे आणि दूर करणे म्हणजे ‘डिसमिस’ करणे, हे शब्द तेव्हापासून रूढ झाले. नियम असा सांगितला जाई की ज्याने बोलावले त्यानेच निरोप द्यावा. पत्राच्या पडद्याला आपल्याला कोणी बोलावले हे ठाऊक असण्याचे कारण नाही. त्याने ‘काम झाले’ किंवा ‘काम रद्द’ एवढे कळवावे. त्याला हटवण्याचे काम बोलावणाऱ्याचे. त्यामुळे तोच पडदा दहा ठिकाणांहून बोलावता येतो. २०११ मध्ये आलेल्या नव्या आज्ञांत पडदा पूर्ण सरकून झाल्यावर काय करायचे हेही सांगता येऊ लागले. एक पडदा निघून जात असतानाच दुसरा आणल्यामुळे होणारे गोंधळ त्याने टाळता आले. गंमत अशी की नव्या आज्ञेच्या नावातून ‘मोडल’ हा शब्द गळला. अर्थात नाव गेले, मोड राहिला.

अँड्रॉइड फोनवर २००८ पासूनच मागे जाण्याची वेगळी कळ होती. पडदा कोणताही असो, दार नेहमी त्याच जागी. आयफोनवर मात्र दार त्या त्या पडद्याने स्वतः दाखवायचे असे. २०१९ मध्ये आयफोनवर यात बदल झाला. मोडल पडदा आता पत्त्यासारखा वर येऊ लागला, मागच्या पडद्याची कड वर दिसू लागली आणि बोटाने खाली ओढले की तो जाऊ लागला. आपण कोठून आलो हे दिसू लागले, बाहेर पडणे सोपे झाले. दोन्ही गोष्टी टेसलर यांना आवडण्यासारख्याच.

पण प्रत्येक सोयीची एक किंमत असते. बाहेर पडणे फार सोपे झाले की माणूस न ठरवताही बाहेर पडतो. शिक्षकांच्या एका कार्यशाळेत मी एका बाईंना मोबाइलवर एका वर्गाचे गुण भरताना पाहिले. शेवटच्या काही नोंदी राहिल्या होत्या. यादी खाली सरकवताना अंगठा जरा जास्त गेला आणि सारा तक्ता नाहीसा झाला. बाई लगेच म्हणाल्या, “माझंच चुकलं. मला हे नीट जमत नाही.” हे वाक्य मला फार लागले. कारण अर्धवट भरलेला तक्ता असा सहज जाऊ नये याची सोय ॲप लिहिणाऱ्याला करता येते. खाली ओढूनही पडदा हटणार नाही, उलट ‘भरलेले जपायचे की टाकून द्यायचे?’ असे विचारले जाईल, अशी व्यवस्था २०१९ च्या त्याच बदलाबरोबर दिलेली होती. ती वापरायचे कोणीतरी राहून गेले होते.

वर्गात करून पाहण्यासारखे

विद्यार्थ्यांना घरातील मोड शोधायला सांगावे. डिजिटल घड्याळ, टीव्हीचा रिमोट, मोबाइलवरचा मराठी-इंग्रजी कळफलक यांत ते सहज सापडतात. प्रत्येकाबाबत तीन प्रश्न विचारावेत. यंत्र कोणत्या मोडमध्ये आहे हे जेथे आपली नजर असते तेथे दिसते का? त्या मोडमध्ये आपण जाणून शिरलो का? आणि बाहेर पडताना केलेले काम शाबूत राहते का?

कळफलकावरच्या ‘शिफ्ट’ आणि ‘कॅप्स लॉक’ या दोन कळांची तुलना अवश्य करून घ्यावी. दोन्हींनी इंग्रजी अक्षरे मोठी होतात. पण शिफ्ट आपण बोटाने दाबून धरतो. मोड चालू आहे हे बोटालाच ठाऊक असते, आणि बोट उचलले की तो संपतो. कॅप्स लॉक मात्र दाबून सोडला की विसरला जातो, आणि मग पासवर्ड चुकू लागतो. १९७९ मध्ये मॅकिंटॉशचा प्रकल्प सुरू करणारे जेफ रास्किन यांनी २००० सालच्या आपल्या पुस्तकात हाच भेद महत्त्वाचा मानला आहे.

टेसलर २०२० मध्ये वारले. मोड काही नाहीसे झालेले नाहीत, आणि सगळे नाहीसे व्हावेत असेही नाही. पैसे पाठवताना एकदा अडवून विचारणारा पडदा हवाच. पण पुढच्या वेळी एखाद्या विद्यार्थ्याचे साइन ३० उणे ०.९८८ आले, तर ‘काय चुकवलेस?’ असे न विचारता ‘तू यंत्राला काय विचारलेस, आणि यंत्राला काय ऐकू आले?’ असे विचारून पाहावे. कोपऱ्यातली ती बारीक अक्षरे मग तो स्वतःच शोधून काढेल.