चांदमारीच्या पोलादी फलकाचा रंग

चांदमारीच्या पोलादी फलकाचा रंग : नेमबाजीच्या सरावासाठी उभ्या केलेल्या पोलादी फलकावर गोळी कुठे लागली हे दिसावे म्हणून दिलेला हात. ‘चांद’ म्हणजे निशाणाचा गोल. त्यावरून गोळीबाराच्या सरावाला आणि त्याच्या मैदानालाही चांदमारी म्हणतात. दाराला, फाटकाला, बैलगाडीला रंग द्यायचा तो टिकावा म्हणून. फलकाचा रंग उडावा म्हणूनच देतात. चांगला रंग कोणता, याचे उत्तर तो कसा उडतो यावर ठरते.

शिशाची गोळी कठीण पोलादावर आदळली की चपटी होऊन फुटते आणि तिचे कण फलकाच्या पृष्ठालगत चहूकडे फेकले जातात. त्या जागचा रंग निघून गोळीच्या व्यासापेक्षा बराच मोठा, कडेला फाटलेला राखाडी डाग उरतो. एअर रायफलच्या छर्‍याचा डाग लहान, शिसपेन्सिलीने घासल्यासारखा. रंगाचा थर पातळ असेल तर डाग स्वच्छ उमटतो. हातांवर हात चढून थर जाड झाला की पोपडे निघतात, एका डागात दुसरा मिसळतो आणि किती नेम लागले याचा हिशेब राहत नाही.

जुनी रीत चुन्याची. इंग्लंडात विम्बल्डन येथे 2 जुलै 1860 रोजी राणी व्हिक्टोरियाच्या हस्ते पहिली गोळी झाडून राष्ट्रीय नेमबाजी स्पर्धा सुरू झाली. त्या काळात फलक लोखंडी असत. खुणा दाखवणारा माणूस लोखंडी आडोशाआड बसे आणि डाग पडला की लांब दांड्याच्या कुंचल्याने तो पांढरा करून टाकी. पुढे कापडी व कागदी फलक आले आणि स्पर्धांतून लोखंड मागे पडले. बालेवाडीच्या क्रीडासंकुलात किंवा इतरत्र ऑलिम्पिक पद्धतीच्या रायफल नेमबाजीत रंगाच्या डब्याला कामच नाही. कोल्हापूर जिल्ह्याच्या स्वप्निल कुसाळेने 2024च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ज्या 50 मीटर प्रकारात कांस्यपदक मिळवले, त्यात दहा गुणांचे वर्तुळ अवघे 10.4 मिलिमीटरचे असते. एवढे बारीक मोजमाप रंगाच्या डागावर होत नाही. पोलाद उरले ते पडत्या फलकांच्या सरावात, मेक्सिकोत उगम पावलेल्या कोंबडी-डुक्कर-टर्की-मेंढा अशा आकृत्यांच्या खेळात आणि हिवाळी बायथ्लॉनमध्ये. बायथ्लॉनचे काळे गोल 50 मीटरवर, झोपून मारताना 45 आणि उभ्याने मारताना 115 मिलिमीटर व्यासाचे असतात. नेम लागला की गोल झाकला जाऊन पांढरा दिसतो.

रंगछटा पार्श्वभूमी पाहून ठरवावी. वऱ्हाडात गोळी अडवायचा बांध काळ्या मातीचा असेल, तर पांढऱ्यासारखा रंग नाही : फलक उठून दिसतो आणि राखाडी डागही. पावसाळ्यात त्याच बांधावर हिरवे गवत माजले तरी पांढरा चालतो. दिवाळीनंतर गवत पिवळे पडले की मात्र तो विरघळल्यासारखा वाटतो. तेव्हा नारिंगी घ्यावा. तुकडोजी महाराजांच्या पुण्यतिथी महोत्सवाला गुरुकुंज मोझरीत जमणाऱ्या भगव्या टोप्या दूरच्या रस्त्यावरूनही कशा मोजता येतात, ते पाहिलेल्याला याचे कारण सांगावे लागत नाही. नारिंगीवर छर्‍याचा डाग पांढऱ्याइतका ठळक येत नाही, हा त्याचा तोटा. कोणतीही छटा असो, चकाकी नसलेलीच घ्यावी. मे महिन्याच्या उन्हात चकचकीत एनॅमल आरशासारखे डोळ्यांवर येते.

प्रकारांत स्प्रेचा साधा, स्वस्त डबा सर्वांत सोयीचा. वीतभराहून थोड्या जास्त अंतरावरून एकच फेर मारला की काही मिनिटांत फलक तयार. ब्रशने दिलेला ऑइल पेंट नीट वाळायला दिवस घेतो आणि थरही जाड बसतो. पावडर कोटिंग म्हणजे पैसे वाया. चुना किंवा पांढरा डिस्टेंपर आजही चालतो, फक्त पहिल्या सरीत वाहून जातो. स्प्रेचे डबे उन्हात किंवा बंद गाडीत ठेवू नयेत. त्यांवर 50 अंशांची मर्यादा छापलेली असते आणि वऱ्हाडच्या उन्हाळ्यात बंद गाडी ती सहज ओलांडते.

गंजाची धास्ती बरेच जण उगाच घेतात. पुढच्या बाजूला प्रायमर देऊ नये. तो पहिल्याच दिवशी उडतो. मागच्या बाजूला व पायांना रेड ऑक्साइडचा एक हात पुरे. पूर्वी लोखंडाला गंजरोधक म्हणून शेंदूर लावत, तोच जो गावोगावच्या मारुतीला लावतात. तो शिशाचा ऑक्साइड. रेड ऑक्साइड हा लोहाचा, गेरूच्या जातीचा. घरगुती व सजावटीच्या रंगांत शिशाचे प्रमाण 90 पीपीएमच्या आत ठेवण्याचा नियम भारतात 2016 साली झाला. फलकाजवळच्या धुळीत मात्र रंग कसाही असला तरी गोळ्यांचे शिसे असतेच. म्हणून जुना थर कोरडा घासू नये, ओला करून तारेच्या ब्रशने काढावा, आणि हात धुतल्याशिवाय शिदोरी सोडू नये.

फलक खड्डे पडलेला असेल तर रंगाने ते बुजवून वापरण्याचा मोह होतो. खड्ड्याच्या कडेवरून शिशाचे कण उलटे नेमबाजाकडे येतात; असा फलक रंगवायचा नसतो, भंगारात द्यायचा असतो.