मोटारसायकलचे इंजिन तापणे

मोटारसायकलचे इंजिन तापणे : इंजिनात तयार होणारी उष्णता आणि बाहेर जाणारी उष्णता यांचा मेळ बिघडून इंजिनाचे तापमान नेहमीच्या मर्यादेपलीकडे जाणे. पेट्रोलमधल्या ऊर्जेचा साधारण पाव ते एक-तृतीयांश भागच शक्तीच्या रूपाने कामी येतो. उरलेला सायलेन्सरमधून व इंजिनाच्या अंगातून उष्णता होऊन निघून जातो. त्यामुळे निदान करताना पहिला प्रश्न असा, की उष्णता जास्त तयार होते आहे की झालेली निघत नाही? घरची दुरुस्ती फसते ती बहुधा हा प्रश्न बाजूला ठेवून आधी स्क्रूड्रायव्हर हातात घेतल्यामुळे.

भारतात रोजच्या वापरातल्या बहुतेक गाड्या हवेने थंड होतात. १९९४ साली आलेली ९७.२ सीसीची हिरो होंडा स्प्लेंडर किंवा २००१ ची पहिली बजाज पल्सर यांच्या सिलिंडरभोवती व हेडभोवती पातळ पंख असतात आणि गाडी धावत असताना त्यांवरून जाणारा वारा उष्णता नेतो. जुन्या बुलेटचा सिलिंडर बिडाचा होता. ॲल्युमिनियमचे मिश्रधातू बिडापेक्षा कितीतरी वेगाने उष्णता वाहून नेतात, म्हणून नंतरच्या इंजिनांत ॲल्युमिनियम आले. यामाहा आर१५ (२००८) आणि केटीएम २०० ड्यूक (२०१२) यांच्यासारख्या गाड्यांत रेडिएटर असतो, तर पल्सर २२० सारख्या काहींत ऑइल कूलर.

खरेच तापते आहे का, हे आधी ठरवावे. हवेने थंड होणाऱ्या निरोगी इंजिनाचे हेडही १५० अंश सेल्सिअसच्या आसपास जाऊ शकते. त्यावर पाण्याचा थेंब चुरचुरला, पोटरीला झळ लागली किंवा गाडी बंद केल्यावर धातू आकसताना टिकटिक आवाज आला, तर त्यात बिघाड नाही. विदर्भातल्या मे महिन्यात बाहेरची हवाच ४५ अंशांवर असते, तेव्हा गाडी पुण्याच्या डिसेंबरपेक्षा गरम राहणारच. खरी लक्षणे वेगळी असतात : चढावर ॲक्सिलरेटर दिला की खडखड नॉकिंग होणे, ओढ कमी होणे, सिग्नलला न्यूट्रल न लागणे, जळक्या ऑइलचा वास येणे, चावी बंद करूनही इंजिन दोन-चार ठोके चालत राहणे. इन्फ्रारेड तापमापक आता सहज मिळतो, पण चकचकीत धातूवर तो खरे तापमान कमी दाखवतो. स्पार्क प्लगजवळ उष्णता सोसणाऱ्या काळ्या, बिनचमकीच्या रंगाचा ठिपका देऊन, दर वेळी तेवढेच अंतर चालवून त्याच ठिपक्यावर मोजावे. शेजाऱ्याच्या गाडीशी तुलना करण्यात अर्थ नाही. आपल्या गाडीचा आधीचा आकडाच उपयोगी पडतो. तपासणीसाठी गाडी स्टँडवर लावून रेस करत राहणे ही वाईट सवय आहे. वारा नसल्याने धडधाकट इंजिनही तापते, आणि बंद पार्किंगमध्ये कार्बन मोनॉक्साइडने जीव जाऊ शकतो. थोडा वेळ चालू ठेवावेच लागले तर उघड्यावर, समोर टेबल फॅन लावून ठेवावे.

तपासणीची सुरुवात ऑइलपासून करावी. ऑइल वंगण देते, तसेच पिस्टन व हेडमधली उष्णता उचलून क्रँककेसपर्यंत आणते. ते कमी झाले की घर्षण वाढते आणि ही वाहतूकही मंदावते. पातळी पाहताना गाडी सपाट जागी मेन स्टँडवर उभी हवी आणि बंद करून काही मिनिटे झालेली हवीत. साइड स्टँडवर घेतलेले माप खोटे असते. डिपस्टिक पिळायची की नुसती टेकवायची, हे गाडीगणिक बदलते. स्प्लेंडरसारख्या गाड्यांत ती न पिळता टेकवतात. पातळी वरच्या खुणेच्या पुढे नेणेही घातक असते, कारण जास्तीचे ऑइल घुसळून फेसाळते आणि आणखी तापते. ग्रेड कंपनीने सांगितलेलीच घ्यावी आणि डब्यावर जासो एमए ही खूण पाहावी. कारसाठीच्या काही ऑइलमध्ये घर्षण कमी करणारी द्रव्ये असतात. ती मोटारसायकलच्या ऑइलात बुडलेल्या क्लचला चालत नाहीत. क्लच घसरला की इंजिन गरगरते, गाडी पुढे जात नाही आणि ऑइल जळते. शंभर सीसीच्या अनेक गाड्यांत कागदी फिल्टर नसून जाळी आणि फिरती वाटी असते. खालचा नट उघडून ऑइल बदलले तरी त्या वाटीतला गाळ तसाच राहतो. तो काढायला उजव्या बाजूचे कव्हर खोलावे लागते, आणि रस्त्याकडेच्या घाईच्या ऑइल चेंजमध्ये हेच काम राहून जाते.

नंतर गाडी अडते कुठे ते पाहावे. मागचे चाक मेन स्टँडवर हाताने फिरवावे. ते घासत लगेच थांबले किंवा थोडे अंतर जाऊन आल्यावर ड्रम चटका देण्याइतका गरम लागला, तर ब्रेक धरतो आहे. पंक्चर काढून चाक बसवताना ब्रेकचा रॉड जास्त आवळला जातो, हे याचे नेहमीचे कारण. पेडलला साधारण २ ते ३ सेंटिमीटर मोकळी चाल हवी. चेन ताणलेली असणे, चाकात हवा कमी असणे आणि क्लचच्या केबलला ढील नसणे यांनीही इंजिनावर भार पडतो. हाफ क्लचवर गाडी रांगवण्याची शहरातली सवय यातच मोडते. आंबोली किंवा वरंध घाट चढताना वरच्या गिअरमध्ये पूर्ण ॲक्सिलरेटर देऊन इंजिन कण्हत ठेवले की ते तापते, कारण भार पूर्ण असतो आणि वारा थोडा. एक गिअर खाली आणावा. आवाज वाढेल, पण इंजिनाचा ताण कमी होईल.

उष्णता बाहेर पडण्याची वाट बुजणे हे सर्वांत स्वस्तात निघणारे कारण. कोकणातल्या पावसाळ्यात लाल चिखल पंखांत बसतो आणि वाळून विटेसारखा घट्ट होतो. टॅपेट कव्हरच्या पॅकिंगमधून झिरपणाऱ्या ऑइलवर धूळ बसली तरी तसाच थर तयार होतो. इंजिन पूर्ण गार असताना रॉकेल किंवा डिझेल आणि ब्रशने तो खरवडावा, मग धुवावे. लेगगार्डला बांधलेले रेक्झिन, फ्लेक्सचा तुकडा किंवा सामानाची पिशवी वारा अडवत असेल तर काढून टाकावी. पंखांवर हौसेने दिलेला जाड ऑइलपेंटही नको. तापलेल्या इंजिनावर पाणी ओतू नये; एका बाजूने अचानक आकसून हेड वाकू शकते किंवा तडकू शकते. वाटेत गाडी तापली तर सावलीत अर्धा तास उभी करणे पुरेसे असते.

एवढे करून दोष सापडला नाही, तरच मिश्रणाकडे वळावे. एक भाग पेट्रोलला वजनाने सुमारे १४.७ भाग हवा लागते. हवा वाढली की मिश्रण ‘लीन’ होते : ते जळायला वेळ घेते, प्लग आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह पोळतात आणि आत येणाऱ्या पेट्रोलने मिळणारा गारवाही घटतो. घरी याची सोपी परीक्षा चोकने होते : तापलेल्या इंजिनाला जरासा चोक दिल्यावर ते सुधारले तर हवा जास्त आहे. ॲक्सिलरेटर सोडूनही वेग लगेच खाली येत नसेल, तर कार्ब्युरेटर आणि हेड यांच्यामधल्या रबरी मॅनिफोल्डची चीर शोधावी. चालू इंजिनात त्या रबरावर पाण्याचा हलका फवारा मारल्यावर ठोके बदलले, तर हवा तिथूनच शिरते. चीर नसेल तर जेटमध्ये कचरा असतो. कार्ब्युरेटर उघडून तो हवेच्या झोताने काढावा, तार घालू नये, भोक मोठे होते.

प्लगही बरेच सांगतो. गाडी काही अंतर जोराने चालवून क्लच दाबून बंद करावी. इंजिन गार होईपर्यंत प्लगला हात लावू नये, कारण गरम ॲल्युमिनियमचे आटे सहज जातात. टोकाचा रंग फिकट कॉफीसारखा असेल तर ठीक. पांढराफटक आणि फोडासारखे दाणे असतील तर जास्त उष्णता. काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त. प्लगचा आकडा बदलताना सावध राहावे : एनजीकेमध्ये मोठा आकडा थंड प्लगचा, तर बॉशमध्ये उलट. एअर फिल्टर काढून टाकणे आणि आवाजाचा सायलेन्सर बसवणे यांनीही जेट न बदलता मिश्रण लीन होते. नव्या सायलेन्सरनंतर तापू लागलेल्या गाडीचे निदान तिथूनच सुरू करावे. आता पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेले असते. इथेनॉलच्या वजनाचा सुमारे ३५ टक्के भाग ऑक्सिजनच असल्याने जुन्या, ठरावीक जेटच्या कार्ब्युरेटरला ते मिश्रण आपोआप थोडे लीन पडते. १ एप्रिल २०२० पासूनच्या बहुतेक भारत स्टेज ६ गाड्यांत मात्र पेट्रोल इंजेक्शनने येते. त्यांत पिळायचा मिश्रणाचा स्क्रू नसतो. इंजिनाचा दिवा लागला असेल तर त्याचा कोड वाचून घ्यावा लागतो.

जुन्या बुलेट, येझदी, राजदूत यांच्यात पॉइंटची फट आणि टायमिंग पाहावे. ठिणगी उशिरा पडली की बेंड पाइप तापून निळा पडतो, फार लवकर पडली की नॉकिंग होते. बुलेटसारख्या फोर-स्ट्रोकमध्ये टॅपेट घट्ट असतील तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह नीट बसत नाही आणि जळतो. टॅपेटची फट गार इंजिनात फीलर गेजने, पुस्तकातल्या मापाने ठेवावी.

रेडिएटरच्या गाडीत गरम असताना झाकण कधीच उघडू नये. गार झाल्यावर कूलंटची पातळी, पंख्याचा फ्यूज आणि जाळीत अडकलेली माती पाहावी. वरचा पाइप पोळतो आणि खालचा गारच राहतो, तर थर्मोस्टॅट अडकला असण्याचा संभव. बोअरचे पाणी भरू नये, त्यातले क्षार नळ्यांत जमतात. कूलंट विषारी असते आणि चवीला गोड लागते, म्हणून सांडलेले लगेच पुसावे. मुले आणि कुत्री ते चाटतात. ऑइल दुधाळ झाले किंवा कूलंटमध्ये सतत बुडबुडे आले, तर हेड गॅस्केट गेले असण्याचा संभव; गाडी चालवत नेऊ नये.

यापुढची कामे घरची नाहीत. टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोलसोबत जाणारे ऑइल कमी पडले की पिस्टन सिलिंडरला धरतो आणि मागचे चाक जाम होऊ शकते. वेग अचानक मंदावताना जाणवला की क्लच लगेच दाबावा. पिस्टन धरला असेल तर किकने जबरदस्ती न करता सिलिंडर खोलून घ्यावा आणि ओरखडे असतील तर बोअर करून नवा पिस्टन घालावा. बोअर केलेली गाडी पहिले काही शे किलोमीटर घट्ट असल्याने जास्त तापते. त्या काळात वेग आवरता ठेवावा, मध्ये मध्ये थांबावे, ऑइल लवकर बदलावे आणि तापते म्हणून कार्ब्युरेटरला हात लावू नये.