अर्धगुणसूत्री विभाजन, संकरित कपाशीतील

गुणसूत्रांची संख्या निम्मी करून युग्मके घडवणारे पेशीविभाजन. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ मध्ये जालन्यात ‘महिको’ ही बियाणे कंपनी स्थापन केली. पुढे जिल्ह्यात वाढलेला संकरित बियाण्यांचा व्यवसाय समजून घ्यायचा, तर हे विभाजन आधी समजून घ्यावे लागते.

अमेरिकन कपाशीच्या पेशीत ५२ गुणसूत्रे, म्हणजे २६ जोड्या असतात. संकरित झाडात प्रत्येक जोडीतले एक गुणसूत्र मादी वाणाचे, दुसरे नर वाणाचे. फूल उमलण्याच्या बरेच दिवस आधी, पाते लहान असतानाच, परागकोशात हे विभाजन होते. पहिल्या विभाजनाची पूर्वावस्था सर्वांत लांबते. तिच्यातल्या युग्मसूत्रता या टप्प्यात समजात (एकाच जोडीतली) गुणसूत्रे जवळ येऊन जुळतात, स्थूलसूत्रतेत तुकड्यांची अदलाबदल करतात आणि द्विसूत्रतेत सुटू लागतात. अदलाबदलीच्या जागी मात्र जोडलेली राहतात. मध्यावस्थेत जोड्या पेशीच्या मध्यभागी येतात. कोणते गुणसूत्र कोणत्या ध्रुवाकडे जाणार, हे प्रत्येक जोडीत स्वतंत्रपणे ठरते. पश्चावस्थेत तर्कुतंतू अखंड गुणसूत्रे ओढून नेतात. गुणसूत्रबिंदू या वेळी दुभंगत नाही, आणि म्हणूनच संख्या निम्मी होते. दुसऱ्या विभाजनात तो दुभंगतो. अखेरीस प्रत्येकी २६ गुणसूत्रांच्या चार पेशी उरतात. बीजांडातही असेच घडते, पण तिथे चारपैकी एकच पेशी टिकते.

अदलाबदल वगळली तरी अशा वाटणीचे ६ कोटी ७१ लाखांहून अधिक प्रकार संभवतात. संकरित बियाणे तयार करण्यासाठी सीड प्लॉटवर मजूर मादी फुलांचे पुंकेसर काढून हाताने क्रॉसिंग करतात. त्या बियांची झाडे एकसारखी येतात, कारण दोन्ही मूळ वाण शुद्ध असतात. पण या झाडांच्या बोंडातली सरकी पेरली, तर वरच्या वाटणीमुळे उंची, धागा, उत्पादन सारेच विखुरते. बोंडअळीपासून संरक्षण देणारे बीटी जनुक एकाच वाणाकडून, एकाच जागी आलेले असेल, तर स्वपरागणातून धरलेल्या साधारण चारातल्या एका बीमध्ये ते नसते.

देशी कपाशीत २६ गुणसूत्रे असतात. तिचा अमेरिकन कपाशीशी संकर केला तर ३९ होतात. त्यांपैकी सामान्यतः १३ जोड्या जुळतात आणि १३ गुणसूत्रे एकटी पडून कशीही वाटली जातात. असे झाड बहुधा वांझ निघते.

संकरित कपाशीची सरकी बियाणे म्हणून राखू नये. शुद्ध ठेवलेल्या सरळ वाणाची राखता येते.