शके १८१९ : बातमी, आवई आणि आंकडा

जुन्या दप्तरांचे रुमाल सोडतांना मोडी कागदांच्या जोडीला वर्तमानपत्रांचे पिवळे पडलेले अंकही पुष्कळदां हातीं येतात. आमचे संग्राहक मोडी कागद निगुतीनें झाडून ठेवितात. वर्तमानपत्र मात्र ‘छापील आहे, दुसरीकडे मिळेल’ असें म्हणून बाजूस सारितात. उलटपक्षीं, मजकूर छापील दिसतांच तो घडलेलाच आहे असें धरून चालणाराही एक वर्ग आहे. हे दोन्ही मार्ग आम्हांस चुकीचे वाटतात. वर्तमानपत्र हें इतिहासाचें साधन खरें. परंतु तें नेमकें कशाचें साधन, हें ठरविल्यावांचून त्याचा उपयोग करणें धोक्याचें आहे. हाच विचार सातारा-सांगली प्रांतांतील व त्याच्या शेजारच्या कांहीं प्रसंगांच्या आधारें येथें मांडण्याचें योजिलें आहे.

इ. स. १८९७, म्हणजे शके १८१९, हें वर्ष या दृष्टीनें लक्षांत ठेवण्यासारखें आहे. त्या वर्षीं मिरजेस कै. वासुदेवशास्त्री खरे यांनीं पटवर्धन दप्तरांतील पत्रें ‘ऐतिहासिक लेखसंग्रहा’च्या रूपानें छापावयास आरंभ केला. पुढच्याच वर्षीं वाईस कै. विश्वनाथ काशीनाथ राजवाडे यांनीं ‘मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें’ या मालेचा पहिला खंड प्रसिद्ध केला. त्याच १८९७ सालीं इस्लामपूरच्या ‘प्रतोद’ पत्रावर व वाईच्या ‘मोदवृत्ता’वर राजद्रोहाचे खटले झाले. म्हणजे एकाच मुलखांत, एकाच सुमारास, जुन्या बातम्या पारखण्याचें शास्त्र उभें राहत होतें, आणि नव्या बातम्या छापणारे आरोपीच्या पिंजऱ्यांत उभे होते. या दोन घटनांचा एकमेकींशीं संबंध कोणीं जोडिला नसला, तरी विषयानें तो आहेच.

पटवर्धनी पत्रें वाचणारास एक गोष्ट सहज दिसून येते. स्वारींतून मिरजेस लिहिणारा मनुष्य तिथि व मुक्काम देतो. आपण काय पाहिलें आणि काय ऐकिलें हें बहुधा निराळें सांगतो. लोकवार्ता असेल तर ती ‘आवई’ किंवा ‘भूमका’ म्हणून लिहितो. यांत त्याचा साधुपणा होता असें नव्हे. त्याच्या पत्रावरून धनी फौज हालवी, पैका रवाना करी, किल्ल्याची शिबंदी वाढवी. बातमी खोटी निघाल्यास जाब लिहिणारासच द्यावा लागे. बखरकारास असा जाब देणें नव्हतें. प्रसंग होऊन गेल्यावर पुष्कळ काळानें तो लिही. म्हणून त्याच्या लेखणींत फौजेचे आंकडे फुगतात आणि वीरांच्या तोंडीं भाषणें येतात. समकालीन अस्सल कागदाचा राजवाड्यांनीं जो आग्रह धरिला, त्याचें मर्म हेंच आहे.

वर्तमानपत्रांत हीं दोन्ही कुळें एकाच छपराखालीं नांदतात. एका स्तंभांत बाजारभाव व पर्जन्यमान असतें, शेजारच्या स्तंभांत बखर असते. आणि दोहोंचा टाइप एकच असल्यामुळें वाचक फसतो. शिवाय ज्यास आपण अस्सल कागद म्हणतों, तोही संपादकास फसवूं शकतो. कोल्हापूरचें प्रकरण याचें ठळक उदाहरण होय. चौथ्या शिवाजी महाराजांच्या हालांविषयीं लोकांत क्षोभ होता. दिवाण माधवराव बर्वे यांचीं म्हणून कांहीं पत्रें ‘केसरी’ व ‘मराठा’ यांच्या चालकांकडे आलीं व त्यांच्या आधारें लिहिलें गेलें. तीं पत्रें बनावट ठरलीं. १७ जुलै १८८२ रोजीं टिळक व आगरकर यांस अब्रुनुकसानीबद्दल चार महिन्यांची साधी कैद झाली. पैकीं १०१ दिवस त्यांनीं डोंगरीच्या तुरुंगांत काढिले. पुढें १८८३ च्या डिसेंबरांत अहमदनगर येथें पहाऱ्यावरील गोऱ्या शिपायाशीं झालेल्या झटापटींत महाराजांचा अंत झाला. महाराजांची दैना खरी होती. कागद खोटे होते. खोट्या कागदानें खरें गाऱ्हाणेंही दुबळें होतें, हा त्यांतील बोध संग्राहकांनीं विसरूं नये.

पुढें १८९७ सालीं कै. गोपाळ कृष्ण गोखले यांच्या बाबतींत जें घडलें, त्यांत तर सत्य आणि आवई यांचा फरक एकाच मनुष्याच्या एकाच प्रवासांत दिसतो. हिंदुस्थानच्या खर्चाची चौकशी करणाऱ्या वेल्बी कमिशनापुढें साक्ष देण्यास ते विलायतेस गेले होते. न्यायमूर्ति रानडे व आंकडेशास्त्रांत मुरलेले गणेश व्यंकटेश जोशी यांच्या साह्यानें त्यांनीं कसून तयारी केली होती. कमिशनानें उलटसुलट प्रश्न विचारिले. परंतु सरकारच्याच हिशेबांवर उभारलेली ती साक्ष टिकली. त्याच मुक्कामांत पुण्याच्या प्लेगबंदोबस्ताविषयीं त्यांस मित्रांचीं पत्रें आलीं. त्यांवर भरंवसा ठेवून, सोल्जरांनीं दोन स्त्रियांवर अत्याचार केला व त्यांतील एकीनें जीव दिला, असें त्यांनीं ‘मँचेस्टर गार्डियन’ पत्रांत सांगितलें. परत आल्यावर पुरावा मागितला गेला, तेव्हां साक्षीस उभें राहण्यास कोणी पुढें येईना. गोखल्यांनीं जाहीर माफी मागितली, दोष आपल्या शिरीं घेतला आणि पत्रलेखकांचीं नांवें उघड केलीं नाहींत. त्या माफीबद्दल त्यांस आप्तपरक्यांचे बोल सोसावे लागले. लोकांच्या घरांत सोल्जर शिरत होते व त्याचा जाच होत होता, हें नाकारण्याचें कारण नाहीं. परंतु जें विधान सिद्ध करितां येत नाहीं तें मागें घेणें, हें धैर्याचेंच काम होय.

आतां ‘प्रतोदा’कडे वळूं. कानडा देशाचा दाखला देऊन स्वतंत्र होण्याच्या तयारीविषयीं लिहिलेल्या एका लेखावरून साताऱ्याच्या सेशन कोर्टानें या लहानशा पत्राच्या संपादकास जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा दिली. मुंबईच्या हायकोर्टांत अपील चालून ती एक वर्षाच्या सक्त मजुरीवर आली. अपील ऐकणाऱ्या न्यायाधीशांत रानडेही होते. वाद मुख्यतः ‘अप्रीति’ या शब्दाच्या अर्थाचा झाला. लेखांतील विधान खरें कीं खोटें, हा प्रश्न या कलमाखालीं निर्णायक नव्हताच. अब्रुनुकसानीच्या खटल्यांत सत्य विचारिलें जातें. राजद्रोहाच्या खटल्यांत परिणाम विचारिला जातो. यास्तव अमुक पत्रास शिक्षा झाली म्हणून तें खोटें, अथवा शिक्षा झाली म्हणूनच तें खरें, हीं दोन्ही अनुमानें आम्ही त्याज्य समजतों. सरकारची तराजू निराळी, इतिहासाची निराळी.

या दुसऱ्या तराजूची खरी गरज याच मुलखांत १९४३ ते १९४६ च्या दरम्यान पडली. क्रांतिसिंह नाना पाटील यांचें प्रतिसरकार ज्या सातारा जिल्ह्यांत उभें राहिलें, त्यांत वाळवें, तासगांव, खानापूर हे तालुकेही होते. ते १९४९ सालीं दक्षिण सातारा म्हणून वेगळे निघाले व १९६० पासून त्या जिल्ह्यास सांगली हें नांव मिळालें. १९४२ च्या ऑगस्टपासून चळवळीच्या बातम्यांवर निर्बंध होते. खरी बातमी अडली म्हणजे आवई मोकळी सुटते. प्रतिसरकार लोकांच्या पायांस बैलांप्रमाणें पत्र्या ठोकतें, ही गोष्ट सर्वतोमुखीं झाली आणि ‘पत्री सरकार’ हें नांव रूढ झालें. चळवळींतील कार्यकर्त्यांनीं पत्र्या ठोकल्याचें नाकारिलें. तळपायांवर काठीचे फटके मारण्याची शिक्षा दिली जाई, असें त्यांचें सांगणें. ‘प्रति’ शब्दाचाच अपभ्रंश ‘पत्री’ झाला, असेंही सांगतात. फटक्यांची शिक्षा कठोरच होती व ती झांकूं नये. परंतु लोखंडाची पत्री आणि काठीचा फटका यांत जें अंतर आहे, तेंच इतिहास आणि आवई यांत आहे. जो कोणी पत्री ठोकल्याचें लिहील, त्यानें गांव, तिथि, मनुष्य आणि त्याच्या जखमेचा समकालीन दाखला द्यावा. तो न देतां शंभर छापील कात्रणें पुढें ठेविलीं, तरी त्यांवरून एवढेंच सिद्ध होईल कीं, ती गोष्ट शंभर वेळां छापिली गेली.

संग्राहकांस आमची विनंति थोडकी आहे. कात्रण ठेवूं नये, सबंध अंक ठेवावा. कारण भडक मथळ्याच्या पाठीमागच्या पानावर त्याच दिवसाचे भाव व मृत्युसंख्या असते. त्यापुढचे दोन-चार अंकही जपावे. खुलासा आला असेल तर तो तेथेंच सांपडतो, आणि तोच बहुधा टाकिला जातो. अंकाबरोबर त्या गांवचीं खासगी पत्रें, जमाखर्च व दवाखान्याच्या नोंदी एकाच रुमालांत बांधाव्या. म्हणजे लोकांनीं त्या दिवशीं काय मानिलें हें वर्तमानपत्र सांगेल, आणि काय घडलें हें शेजारचा कागद सांगेल. मिरजेच्या पत्रांस जो प्रश्न खरेशास्त्र्यांनीं विचारिला, तोच इस्लामपूरच्या पत्रासही विचारावा : हें तूं पाहिलेंस, कीं ऐकिलेंस ?