बाबांचं कलम आणि स्वयंपाकघरातला फुगा

2006 सालची गोष्ट. इथे अटलांटात रात्र, पुण्यात सकाळ. धाकट्या भावाचा फोन आला. "दादा, बाबांच्या छातीत परत दुखतंय. अँजिओग्राफी झाली. बायपासमधली एक शीर आतून अरुंद झालीय. डॉक्टर म्हणतात, फुगा घालून उघडू. काय सांगू?"

बाबांची बायपास 1994 सालची. मी मेकॅनिकल इंजिनियर, जन्म पाईप आणि व्हॉल्व्हमध्ये गेलेला. ताबडतोब सांगून टाकलं, "अरे, चोकअप काढायचाय, त्यात काय! हो म्हण." फोन ठेवला आणि मग वाचायला बसलो. खरं तर उलट क्रमाने करायला हवं होतं.

हा फुगा ज्याने हृदयापर्यंत नेला तो आंद्रेआस ग्रुंट्झिग मूळचा जर्मन, ड्रेस्डेनचा. त्याच्या आधी 1964 मध्ये अमेरिकेत पोर्टलंडला चार्ल्स डॉटरने एका म्हातारीच्या पायातली अरुंद धमनी एकात एक जाड होत जाणाऱ्या नळ्या घालून उघडली होती. ग्रुंट्झिगला वाटलं, जाड नळी रेटण्यापेक्षा बारीक नळी आत न्यावी आणि जागेवर गेल्यावर फुगवावी. झ्युरिकमध्ये स्वतःच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर, बायको आणि सहायक यांना हाताशी धरून, तो पीव्हीसीचे फुगे बनवत बसे. (आमच्या घरी मी टेबलावर सोल्डरिंग केलं तरी गहजब होतो!) 16 सप्टेंबर 1977 रोजी त्याने 38 वर्षांच्या एका विमा विक्रेत्याच्या हृदयाची धमनी या फुग्याने उघडली. दहा वर्षांनी तपासली तेव्हाही ती उघडीच होती. पुढे 1980 मध्ये तो इथे अटलांटाच्या एमरी विद्यापीठात आला. ते माझ्या घरापासून अर्ध्या तासावर आहे, आणि मला 2006 पर्यंत त्याचं नावही माहीत नव्हतं. 27 ऑक्टोबर 1985 ला स्वतःचं विमान चालवताना अपघातात तो गेला. वय अवघं 46.

बायपास झालेल्यांच्या अरुंद शिरांवरही त्याने आणि एमरीतल्या सहकाऱ्यांनी फुगा वापरून पाहिला, आणि तिथे लक्षात आलं की हे प्रकरण वेगळं आहे. शीर आणि धमनी जिथे जोडलेली असते त्या टोकाला फुगा बऱ्यापैकी टिकतो. शिरेच्या मधल्या भागात मात्र ती पुन्हा अरुंद होण्याचं प्रमाण बरंच जास्त.

असं का? बायपास म्हणजे एक प्रकारचं कलमच. 1967 पासून क्लीव्हलंडला रेने फावालोरो या अर्जेंटिनाच्या सर्जनने पायातली शीर हृदयावर बसवायची पद्धत रूढ केली. शिरेत नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह असतात, म्हणून ती उलटी करून जोडतात. हे वाचून मी खूश झालो, पण माझं पाईपशास्त्र तिथेच संपलं. धमनीतल्या धडधडत्या दाबाची शिरेला सवय नसते. तिची भिंत जाड होत जाते आणि काही वर्षांनी आत मऊ, भुसभुशीत थर साठतो. साधारण दहा वर्षांत अशा शिरांपैकी निम्म्याच्या आसपास बंद पडतात किंवा फार खराब होतात. छातीच्या आतली धमनी वापरली असेल तर दहातल्या नऊ चालू राहतात.

आणि फुग्याने हा भुसभुशीत थर दाबला की त्याचे कण सुटून पुढे वाहतात, हृदयाच्या बारीक वाहिन्या तुंबवतात. 2002 मध्ये 801 रुग्णांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला होता, 'सेफर' नावाचा. कण अडवून बाहेर काढायची सोय नसताना 30 दिवसांत 16.5 टक्के रुग्णांना मोठा त्रास झाला, बहुतेकांना हार्ट अटॅकच. सोय असताना 9.6 टक्के. म्हणजे मी "त्यात काय" म्हणालो होतो ते सहातला एक या हिशोबावर.

रात्री दोन वाजता भावाला परत फोन लावला. "डॉक्टरांना विचार, पुढे जाळी लावणार का?" डॉक्टर भले माणूस, रागावले नाहीत. म्हणाले, लावायचीच आहे, मुंबईहून मागवलीय. म्हणजे माझं जागरण तसं फुकटच होतं.

आता हे शास्त्रही पुढे गेलंय. जमेल तिथे कलमाच्या वाटेला न जाता मूळची धमनीच उघडायचा प्रयत्न आधी करतात. त्या वेळी मात्र बाबांना स्टेंट बसला, छत्रीसारखी जाळी मिटून बाहेर आली. भावाला डॉक्टरांनी बोलावून ती दाखवली. आत साबुदाण्याच्या चुऱ्यासारखे पांढरट कण होते.

बाबा त्यानंतर नऊ वर्षं जगले, पर्वती चढले नाहीत पण सारसबागेत रोज जात. त्या फोनबद्दल मी त्यांना कधी सांगितलं नाही.