शोध लागतो, पण पोहोचतो का?

दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकात प्रकाशाचे अपवर्तन शिकवले जाते. किरण हवेतून काचेत शिरताना वाकतो, आणि किती वाकेल हे ठरवणाऱ्या नियमाला स्नेलचे नाव आहे. अलीकडे मुस्लिम समाजाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर एक मजकूर फिरतो. हा नियम स्नेलच्या सहाशे वर्षे आधी बगदादच्या इब्न सहलने शोधला होता, तो 'आमचा' आहे, असे त्यात म्हटलेले असते.

माहिती बरोबर आहे. पण ती तिथेच संपते आणि खरा प्रश्न तिथूनच सुरू होतो. नियम सापडला होता, तर मधल्या सहा शतकांत त्याचे काय झाले?

आधी इब्न सहलने काय केले ते पाहू. सन 984 च्या सुमारास, बुवैही राजवटीतल्या बगदादमध्ये त्याने जाळणाऱ्या आरशांवर आणि भिंगांवर एक ग्रंथ लिहिला. त्याच्यापुढचा प्रश्न व्यवहाराचा होता. सूर्याचे समांतर किरण एकाच बिंदूवर आणून तिथे आग लावायची, तर स्फटिकाच्या भिंगाला आकार कोणता द्यावा? त्याने पृष्ठभागावर लंब काढला, स्फटिकातला किरण काढला आणि बाहेर पडून वाकलेला किरण मागे वाढवून दाखवला. या दोन रेषांच्या लांबीचे गुणोत्तर त्या स्फटिकासाठी कायम राहते, असे धरून त्याने पुढची सगळी भूमिती रचली. आज आपण जे दोन कोनांच्या 'साइन'च्या गुणोत्तराने लिहितो, तेच हे. त्यावरून त्याने दाखवले की एक बाजू सपाट आणि दुसरी हायपरबोला या वक्राच्या आकाराची असेल, तर सगळे किरण एका बिंदूत मिळतात.

पुढे या ग्रंथाची पाने विखुरली. काही दमास्कसला राहिली, काही तेहरानला. रोशदी राशेद या इतिहासकाराने ती जुळवली आणि 1990 मध्ये त्यातला नियम जगापुढे मांडला, म्हणजे लिहिल्यानंतर तब्बल हजार वर्षांनी. एवढ्या काळात युरोपने तो स्वतंत्रपणे शोधला होता. इंग्लंडच्या थॉमस हॅरियटला तो सतराव्या शतकाच्या सुरुवातीला सापडला, पण त्याने छापला नाही. हॉलंडच्या स्नेलला 1621 मध्ये सापडला, त्यानेही छापला नाही. 1637 मध्ये देकार्तने तो छापला आणि मग तो सर्वांचा झाला. वहीत राहिलेला शोध कुठल्याही धर्माच्या माणसाचा असो, त्याची गत सारखीच होते.

याच्या उलट उदाहरणही त्याच परंपरेत आहे. बसऱ्यात जन्मलेल्या आणि कैरोत वारलेल्या इब्न अल-हैसमने अकराव्या शतकाच्या सुरुवातीला 'किताब अल-मनाझिर' हा सात भागांचा ग्रंथ लिहिला. इब्न सहलचे ते गुणोत्तर त्यात नाही. पण डोळ्यातून किरण निघत नाहीत, वस्तूवरून येणारा प्रकाश डोळ्यात शिरतो, हे त्यात प्रयोगांच्या आधारे मांडलेले आहे. अंधाऱ्या खोलीचे छिद्र, आरसे, पाण्यात वाकणारा किरण, सगळे इतके तपशीलवार की वाचणाऱ्याला प्रयोग पुन्हा करता यावा. टॉलेमीसारख्या थोरांचे म्हणणेही तपासल्याशिवाय मानू नये, हे त्याने दुसऱ्या एका ग्रंथात बजावून सांगितले. 'मनाझिर'चे लॅटिन भाषांतर झाले, 1572 मध्ये बाझल शहरात ते छापले गेले आणि केप्लरपर्यंत पोहोचले.

पूर्वेत मात्र हा ग्रंथ सहज मिळत नव्हता. सन 1300 च्या आसपास इराणमध्ये कमालुद्दीन अल-फारिसी या तरुणाला अपवर्तनाविषयी शंका होत्या. त्याचे गुरू कुतबुद्दीन अल-शिराझी यांनी त्याला इब्न अल-हैसमचा ग्रंथ दूरवरून मिळवून दिला. फारिसीने तो वाचला, त्यावर टीका लिहिली, चुका दुरुस्त केल्या आणि पाण्याने भरलेला काचेचा गोल घेऊन इंद्रधनुष्य कसे घडते ते दाखवले. पावसाच्या थेंबात किरण दोनदा वाकतो आणि मध्ये एकदा परावर्तित होतो, की मुख्य धनुष्य तयार होते. एका गुरूने एक पुस्तक एका विद्यार्थ्याच्या हाती दिले, त्यातून हे घडले.

आता लंडनला जाऊ, कारण भूमिती पक्की झाली तरी भिंग काचेचेच करावे लागते, आणि काच चांगली नसेल तर नियम कागदावर राहतो. 1820 च्या दशकात इंग्लंडमधली दुर्बिणीची काच बुडबुड्यांनी आणि रेषांनी भरलेली असे, तर बव्हेरियात फ्राउनहोफर उत्तम काच बनवत होता. म्हणून रॉयल सोसायटीने समिती नेमली आणि काच बनवायचे काम मायकल फॅरडेकडे आले. लोहाराचा मुलगा, पुस्तकबांधणीच्या दुकानात उमेदवारी केलेला हा माणूस काही वर्षे भट्टीपाशी राबला. शिसे आणि बोरॉन असलेली एक जड काच त्याने बनवली, 1829 मध्ये त्यावर व्याख्यान दिले. दुर्बिणींच्या धंद्याला तिचा फारसा उपयोग झाला नाही आणि 1831 मध्ये त्याने हे काम सोडले.

सोडल्यावर तो विजेकडे वळला. 1833 मध्ये त्याच्या लक्षात आले की पाण्यातून वीज जाते, पण मध्ये बर्फाचा पातळसा पापुद्रा आला तरी ती थांबते. त्याने अनेक क्षार घेऊन पाहिले. घन असताना वीज अडते, वितळले की वाहते. नियम तयार झाला असे वाटत असतानाच सिल्व्हर सल्फाइडने तो मोडला. हा पदार्थ न वितळताच वीज वाहू देत होता, आणि धातूंच्या उलट, तापवला की जास्तच. पुढे लेड फ्लुओराइडही तसेच वागताना दिसले. फॅरडेने हा अपवाद लपवला नाही, नोंदवून छापला. विजेसोबत पदार्थातून चालत जाणाऱ्या कणांसाठी 'आयन' हा शब्दही 1834 मध्ये त्यानेच रूढ केला. ग्रीक भाषेत त्याचा अर्थ 'जाणारा'.

घन पदार्थातून आयन 'जातो' कसा, हे कळायला शंभर वर्षे लागली. गच्च भरलेला लोकलचा डबा डोळ्यापुढे आणा. सगळ्या जागा भरलेल्या असतील तर कुणी हलू शकत नाही. एक जागा रिकामी झाली की शेजारचा तिथे सरकतो, त्याची जागा रिकामी होते, तिथे तिसरा येतो. झिर्कोनियम ऑक्साइडमध्ये थोडे यिट्रियम मिसळले की ऑक्सिजनच्या काही जागा मोकळ्या राहतात, आणि तापवल्यावर ऑक्सिजनचे आयन त्या जागांतून सरकत जातात. वाल्थर नर्न्स्टने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस याच मिश्रणाच्या कांडीचा दिवा बनवला. थंड कांडीतून वीज जात नसे, आधी तिला तापवावे लागे, मग ती लख्ख पेटे. दिवा बाजारात आला, टंगस्टनच्या दिव्याने तो मागे पाडला, पण आत काय चालते याचा खुलासा कार्ल वाग्नरने 1943 मध्ये केला. त्याआधी 1914 मध्ये टुबांट आणि लोरेन्झ यांनी दाखवले होते की सिल्व्हर आयोडाइड 147 अंशांच्या वर गेले की त्याची वाहकता हजारो पटींनी उडी घेते. आयोडीनचा सांगाडा जागेवर राहतो आणि चांदीचे आयन त्यातून जवळजवळ द्रवासारखे फिरतात.

आज नर्न्स्टच्या दिव्याचाच पदार्थ मोटारीच्या धुराड्यात बसून धुरातला ऑक्सिजन मोजतो. 1967 मध्ये फोर्ड कंपनीच्या संशोधकांनी सोडियम आयन वाहणारा बीटा ॲल्युमिना पुढे आणला. आग न पकडणाऱ्या घन बॅटऱ्यांची धडपड याच वाटेवरची.

फॅरडेची 'वाया गेलेली' काचही वाया गेली नाही. 1845 मध्ये त्याने तीच जड काच चुंबकाजवळ धरली आणि तिच्यातून जाणाऱ्या प्रकाशाच्या कंपनाची दिशा फिरलेली पाहिली. प्रकाश आणि चुंबकत्व यांचे नाते असे उघड झाले.

प्रकाशाची भूमिती आणि आयनांची चाल या दोन वाटा आता एकाच काचेत मिळाल्या आहेत. काचेची बारीक कांडी वितळलेल्या क्षारात ठेवली की काचेतले आयन बाहेर पडतात आणि क्षारातले आत शिरतात. मध्यापासून कडेपर्यंत काचेचा अपवर्तनांक हळूहळू बदलतो. मग कांडीची टोके सपाट असली तरी किरण आतल्या आत वळत एका बिंदूवर येतात. शरीराच्या आत पाहणाऱ्या दुर्बिणीत अशी भिंगे वापरतात. इब्न सहलने भिंगाचा आकार बदलून जे साधले, ते इथे आयन हलवून साधले जाते.

म्हणून तो फिरणारा मजकूर वाचताना अभिमान जरूर वाटावा. पण इब्न सहलचा नियम हरवला तो कुणी हिरावून घेतला म्हणून नाही. तो उचलून पुढे नेणारे हात त्याला मिळाले नाहीत. फॅरडेचा अपवाद छापला गेला, शिकवला गेला आणि नर्न्स्ट, टुबांट, वाग्नर यांच्या काळापर्यंत जिवंत राहिला. आपल्या मोहल्ल्यातल्या शाळेत भौतिकशास्त्राची प्रयोगशाळा कुलूपबंद असेल, मुलगी दहावीनंतर विज्ञान शाखेचे नाव काढताच घरी बसवली जात असेल, तर हजार वर्षांपूर्वीचा बगदाद आपल्याला काही देऊ शकत नाही. वारसा नावाने मिळत नाही. अल-शिराझीने केले तसे, कुणीतरी पुस्तक मिळवून विद्यार्थ्याच्या हाती द्यावे लागते, आणि त्याला त्यातल्या चुका काढू द्याव्या लागतात.